रात्री उशिरापर्यंत सुरू होते

मी सहा वर्षं पुण्यातल्या एका मराठी दैनिकात बातमीदार होतो. लागलो त्याच आठवड्यात आमच्या वृत्तसंपादकांनी माझी एक बातमी वाचली आणि कागद टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला. नदीत कुणीतरी वाहून गेलं होतं. बातमीच्या शेवटी मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'पुढे काय झाले ते कळू शकले नाही.'

"कळू शकले नाही, हे आईला पत्रात लिहायचं," ते म्हणाले. "पेपरात 'शोध सुरू आहे' लिहितात. काय चाललंय ते माहीत नसलं की सुरू आहे. हे वाक्य कधी चुकत नाही."

मी ते खोडलं आणि तसं लिहिलं. मग त्यावर हातच बसला. तपास सुरू आहे, उपचार सुरू आहेत, वाटाघाटी सुरू आहेत, पंचनाम्याचे काम सुरू आहे. त्यातही एक खास प्रकार होता. आमचं शहराचं पान लवकर लागायचं, त्यामुळे संध्याकाळी सातच्या आत बातमी द्यावी लागे. वाचणारा ती दुसऱ्या दिवशी सकाळी वाचणार. म्हणून आम्ही संध्याकाळी सातलाच लिहायचो, 'रात्री उशिरापर्यंत मदतकार्य सुरू होते.' जी रात्र अजून यायची होती तिच्याबद्दल भूतकाळात. सगळेच लिहायचे. ते खोटं आहे असं माझ्या मनात कधी आलं नाही. खोटं म्हणजे काहीतरी मुद्दाम करावं लागतं असं मला वाटायचं.

तेव्हा शहर पश्चिमेला धावत सुटलं होतं. कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या, त्यात लागलेल्या मुलांना घरं हवी होती आणि वारज्याकडे कालपर्यंत जिथे ज्वारी होती तिथे दहा-दहा मजल्यांचे पाये खणले जात होते. अशाच एका जागी, तळघरातल्या पार्किंगसाठी दोन मजले खोल खड्डा घेतला होता. खड्ड्याच्या अगदी काठाला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. ऑगस्टमधला रविवार होता. चार दिवस पाऊस उघडलेला नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला काठाची माती खचली आणि तीन खोल्या घेऊन खाली गेली.

मी चारला पोचलो तेव्हा तिघांना बाहेर काढलेलं होतं. सोबतच्या मजुरांनीच, हातांनी. तिघेही जिवंत होते. एक माणूस सापडत नव्हता, तिथला वॉचमन. वाशीमकडचा, पन्नाशीचा. अग्निशमन दलाचे जवान चिखलात कंबरेपर्यंत उतरले होते आणि ठेकेदाराचं मशीन, ते पिवळं खणायचं यंत्र, खोल्या पडल्या तिथली माती उचलत होतं. वर दोरी लावून माणसं अडवली होती. या सगळ्यावर देखरेख करणारे एक साहेब छत्रीखाली उभे होते. ते कोणत्या खात्याचे होते ते मी इथे लिहीत नाही.

साडेचारच्या आसपास एक मुलगी आली. वय एकोणीस-वीस, सोबत एक मैत्रीण. हातात छत्री होती, पण ती उघडलेली नव्हती. वॉचमनची मुलगी. कर्वेनगरला एका कॉलेजात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती, हॉस्टेलवर राहायची. ती शिकायला पुण्यात आली म्हणून वडिलांनीही गाव सोडून इथे वॉचमनची नोकरी धरलेली. दर रविवारी संध्याकाळी ती त्यांना भेटायला यायची. त्या दिवशी कुणीतरी फोन केला म्हणून जरा लवकर आली.

मी वही काढली. नाव, वय, गाव, घरी कोण कोण. ती सगळं सांगत गेली. मग म्हणाली, "सर, बाबा खोलीत नसतील. पाऊस वाढला की ते खालची मोटर लावायला जातात. पाणी साचू नये म्हणून. मोटर त्या तिकडच्या कोपऱ्यात आहे." तिने बोट दाखवलं. मशीन खणत होतं त्याच्या बरोबर समोरचा कोपरा. तिथेही माती खाली आली होती, पण कमी.

"साहेबांना सांगितलंस?"

"हो. बघू म्हणाले."

मी ते वहीत लिहून घेतलं. 'मोटर. समोरचा कोपरा. मुलीचे म्हणणे.' खाली रेघसुद्धा मारली. खरं सांगायचं तर तेव्हा मला ते बातमीला चांगलं वाटलं होतं, काळजाला हात घालणारं. साडेसहाला मी कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून ऑफिसात बातमी सांगितली. पलीकडे एक उपसंपादक लिहून घेत होता आणि दर दोन वाक्यांनी "आटप" म्हणत होता. मागे तीन माणसं नंबर लावून उभी होती. मोटरचं राहूनच गेलं. शेवटचं वाक्य मात्र मी न अडखळता सांगितलं, 'रात्री उशिरापर्यंत शोधकार्य सुरू होते.'

मग स्कूटरवरून भिजत घरी गेलो. आईने पिठलं-भात केला होता. झोप मला छान लागली, हेही लिहायला हवं.

सकाळी आठला परत वारज्याला गेलो. लांबूनच काहीतरी चुकतंय असं वाटलं, आवाजच नव्हता. मशीन उभं होतं, त्याच्या सीटवर प्लॅस्टिक बांधलेलं होतं. जवान दोघंच दिसत होते. खड्ड्यात कालच्यापेक्षा दोन हात जास्त पाणी होतं. मुलगी दोरीपाशी उभी होती. मला बघून ती चार पावलं पुढे आली. हातात आमचा पेपर होता.

"सर, तुम्ही काल कितीपर्यंत होतात इथे?"

"साडेसहा."

"मग हे?" तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ती लिहायची एक पद्धत असते," मी म्हणालो.

"सव्वासातला मशीन बंद झालं. मी इथेच होते. नऊ वाजता त्यांनी आम्हाला घालवलं, तोपर्यंत एकदाही चालू झालं नाही. सकाळी सहाला आले तेव्हा असंच होतं. हे प्लॅस्टिकसुद्धा असंच बांधलेलं."

मी मशीनकडे बघितलं.

"मी साहेबांना विचारलं, रात्री का थांबलात? तर ते म्हणाले, थांबलो कुठे, पेपरात बघ, उशिरापर्यंत काम सुरू होतं. त्यांनीच काढून दाखवला, सर. हा पेपर त्यांचाच आहे."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. कॉलेजात एखादं गणित सुटत नाही म्हणून मास्तरांना विचारावं, तसं ती विचारत होती.

"मी आज लिहितो," मी म्हणालो. "काम थांबलं होतं असं स्पष्ट लिहितो."

साहेब शेजारच्या सोसायटीच्या गेटपाशी चहा पीत होते. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. रात्रभर त्यांचाही डोळा लागला नसावा. मी विचारलं, काम का थांबलं.

"ती भिंत बघा," ते म्हणाले. "सोसायटीची. रात्री तिला तडा गेला. खाली उतरवू आणखी चार माणसं? तुम्ही जबाबदारी घेता?"

"मग भिंतीच्या धोक्यामुळे काम थांबलंय असं लिहितो."

"थांबलंय कशाला? आढावा घेणं सुरू आहे. तसं लिहा."

मी मोटरचं सांगितलं. समोरच्या कोपऱ्यात भिंत नाही, तिथे हातांनी तरी खणता येईल, असंही म्हणालो.

"ती पोर कालपासून तेच सांगतेय. अहो, घरच्यांना शंभर ठिकाणी वाटतं. आधी जिथे खोल्या पडल्या तिथलं काढायचं. पद्धत असते."

अर्ध्या तासापूर्वी हाच शब्द मी तिला दिला होता. मी त्या दोन जवानांकडे गेलो आणि त्यांना तो कोपरा दाखवला. त्यातला वयाने मोठा होता तो हळूच म्हणाला, "आम्हाला सांगितलं तर आम्ही आत्ता उतरू. पण सांगायला पाहिजे ना कुणी." मी परत साहेबांकडे गेलो तर ते गाडीत बसून कुठेतरी निघाले होते. पाच वाजेपर्यंत मी तिथेच थांबलो. मुलगी दोरीपाशी, मी तिच्यापासून दहा पावलांवर. पाऊस पडतच होता. तेवढ्या वेळात मशीन एकूण वीसेक मिनिटं चाललं.

ऑफिसात जाऊन मी बातमी लिहिली. पहिलंच वाक्य होतं, 'वारजे येथील शोधकार्य रविवारी सायंकाळी सव्वासातपासून जवळपास थांबले आहे.' वृत्तसंपादकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"थांबले आहे असं कोण म्हणालं?"

"मी पाहिलं."

"तू कोण?"

"मी तिथे होतो."

"सव्वासातला होतास?"

"नव्हतो. मुलगी होती."

"मग 'मुलीचा आरोप' असं लिही. आणि साहेब काय म्हणाले ते लिही."

"साहेब म्हणाले, सुरू आहे."

"झालं तर." त्यांनी पेन उचललं. "अरे शहाण्या, थांबलंय असं म्हणायचं तर म्हणणारा दाखवावा लागतो. सुरू आहे म्हणायला कुणी लागत नाही."

त्यांचं म्हणणं धंद्याच्या हिशेबाने बरोबर होतं. मी तसं लिहिलं. मुलीचा आरोप, साहेबांचा खुलासा आणि शेवटी मोटरच्या कोपऱ्याबद्दल एक परिच्छेद. पण त्या दिवशी एका परदेशी कंपनीने पुण्यात मोठं केंद्र काढायची घोषणा केली. पान एक तिला गेलं, पान एकवरचं पान तीनवर सरकलं, पान तीनवरचं आत. सकाळी मी पेपर उघडला तेव्हा माझी बातमी आतल्या पानावर खाली, एका स्तंभात, आठ ओळींची होती. मुलीचा आरोप नव्हता, मोटर नव्हती. मथळा होता, 'वारजे दुर्घटना : शोध सुरूच'.

तो 'च' कुणी लावला ते मी विचारलं नाही. मथळ्यात एका अक्षराची जागा उरली असणार.

तिसऱ्या दिवशी मला वारज्याला जायचं धैर्य होत नव्हतं. तरी गेलो. मुलीची आई रात्रभर एसटीत बसून पहाटे आली होती. ठेंगणी, रापलेली बाई. जमीन ओली होती म्हणून कुणीतरी वर्तमानपत्रं अंथरून तिला बसवलं होतं. आमच्याच अंकाची दोन पानं तिच्या पायाखाली होती. मुलगी शेजारी उभी होती. तिने सकाळी पेपर वाचलेला होता, कारण माझ्याकडे बघून तिने फक्त मान हलवली आणि नजर खड्ड्याकडे वळवली. तिने मला जाब विचारला असता तर मी सगळं सांगितलं असतं. कंपनीची घोषणा, पान तीन, सगळं. तिने विचारलं नाही.

आईने मात्र विचारलं. "भाऊ, तुमी पेपरवाले ना? मंग शोधतेत ना ते?"

"शोधतायत, मावशी," मी म्हणालो.

त्या क्षणी ते खरं होतं. पाऊस सकाळी उघडला होता, भिंतीला टेकू दिला होता आणि अकराला मशीन सुरू झालं होतं. खोल्या पडल्या तिथली माती दुपारी दोनला संपली. खाली पत्रे, एक स्टो, दोन गाद्या, कुणाची तरी चप्पल निघाली. माणूस निघाला नाही. मग साहेबांनी समोरच्या कोपऱ्याकडे हात केला. तोच मोठा जवान फावडं घेऊन आधी उतरला. अर्धा तासही लागला नाही. मोटरपासून हातभर अंतरावर ते होते, वर पुरती कमरेइतकी माती नव्हती.

आई ओरडली नाही. ती उठली, पदर खोचला आणि दोरीखालून वाकून जाऊ लागली. तिला दोघांनी धरलं. मुलगी मात्र होती तिथेच उभी राहिली. तिच्या बोटाने पहिल्या संध्याकाळी दाखवलेली जागा आणि आता माणसं वाकली होती ती जागा एकच होती. वर उभ्या असलेल्यांत हे जाणणारे आम्ही दोघं आणि साहेब. साहेब फोनवर बोलत होते.

हॉस्पिटलच्या आवारात संध्याकाळी आई माझ्याजवळ आली. "भाऊ, त्यायले तरास झाला असन का?"

"डॉक्टर म्हणाले, लगेच गेले. कळलंसुद्धा नसेल."

डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते. पण ते म्हणताना ते कागदावर लिहीत होते, वर बघत नव्हते. आणि मुलीने पहिल्या संध्याकाळी ज्या आवाजात मोटरचं सांगितलं होतं, त्याच आवाजात मला विचारलं, "सर, लगेच म्हणजे किती वेळात?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिच्याशी बोललेलं ते माझं पहिलं पूर्ण खरं वाक्य असावं.

चार-पाच महिन्यांनी ऑफिसात तिचा फोन आला. घटनेची चौकशी लागली होती. आईच्या वतीने ती अर्ज घेऊन गेली होती, रात्री काम थांबवलं म्हणून. तिला तिथे फाइल दाखवली. "सर, त्यांनी तुमची बातमी लावलीय. दोन्ही. रात्री उशिरापर्यंत सुरू होते त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ आहे."

मी दुसऱ्याच दिवशी त्या कार्यालयात गेलो. ती जिन्यापाशी थांबली होती, माझ्याबरोबर आत आली. टेबलामागच्या कारकुनाला मी सांगितलं, ही बातमी माझी आहे आणि ते वाक्य मी संध्याकाळी साडेसहाला फोनवरून दिलं, मी रात्री तिथे नव्हतो.

त्याने फाइलवरून नजर उचलली. "मग पेपरात दुरुस्ती छापलीत का?"

"नाही."

"का?"

मी माझं ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

"छापील आहे ते पुरावा. तुम्ही तोंडी सांगता ते काय?" तो म्हणाला. मग बहुधा मुलीचा चेहरा पाहून जरा नरमला. "लेखी द्या. आवक करून घेतो."

मी तिथल्याच बाकावर बसून दीड पान लिहिलं. त्याने शिक्का मारला आणि कागद गठ्ठ्यात वरच्या बाजूला ठेवला. ऑफिसात आल्यावर वृत्तसंपादकांना मी दुरुस्ती छापूया म्हणालो. "पाच महिन्यांनी?" ते म्हणाले. "वाचकाला वाटेल काल रात्रीचं आहे." आजूबाजूचे हसले. मीही हसलो असेन.

त्या दीड पानाचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. दोन-तीनदा जाऊन विचारलं. पहिल्यांदा चौकशी सुरू आहे असं सांगितलं, नंतर तो कारकून बदलून गेला, मग ते कार्यालयच दुसऱ्या इमारतीत हललं.

मुलगी शिकली. एका कंपनीत लागली, सॉफ्टवेअर तपासायचं काम. मधूनमधून फोन करायची, दिवाळीला, एखाद्या अर्जाबद्दल विचारायला. पुढे तिने पुण्याच्या पूर्वेकडच्या मांजरी गावात भाड्याने घर घेतलं आणि आईला गावाहून आणलं. तीनेक वर्षांनी एका रविवारी तिने मला जेवायला बोलावलं. मी नाही म्हणायची दोन-तीन कारणं शोधली, पण ती सगळी लंगडी होती.

उसाच्या फडांना लागून चार नव्या इमारती होत्या, त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर त्या राहत होत्या. आईने बेसनाच्या पातवड्यांचा रस्सा आणि भाकरी केली होती. मी जाताना मनाशी ठरवून गेलो होतो. आईला सांगायचं. मी काय लिहिलं होतं, ते कसं वापरलं गेलं, आणि मोटरचं माझ्या वहीत असूनही मी कसं लिहिलं नाही, सगळं. क्षमा मागायची.

आई वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "पोरगी सांगते मले, रातभर धुंडत होते म्हने लोकं. पान्यापावसात. पेपरात आलं होतं ना तवा? एवढं तरी झालं बाप्पा. कोनी टाकून नाई देल्लं त्यायले."

मी मुलीकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती.

"हो, मावशी," मी म्हणालो. आणि पाण्याचा पेला उचलला. आईला वाटलं, रस्सा तिखट झाला. तिने पटकन दह्याची वाटी पुढे केली आणि आणखी एक भाकरी वाढली.

मुलगी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. रस्त्यात मीच म्हणालो, "तिला तू कधी सांगितलं नाहीस?"

"सुरुवातीला सांगणार होते," ती म्हणाली. "पण ती रोज विचारायची, रात्री बाबा एकटे होते का. मग एकदा मी तुमची बातमी वाचून दाखवली. त्या रात्री ती जेवली. आता कसं काढून घेऊ?"

"आणि तू?"

"मी तर तिथे होते, सर."

बस यायला खूप वेळ लागला. ती तिच्या कामाबद्दल सांगत राहिली. टीममध्ये नवीन मुलं आली होती, त्यांना शिकवायला लागत होतं, आणि आईला लिफ्टची भीती वाटायची म्हणून ती तीन मजले जिन्यानेच चढायची. बाजूच्या फडात ऊसतोड चालली होती आणि कोयत्यांचा आवाज येत होता. बस आली तेव्हा ती म्हणाली, "आईला बरं वाटलं तुम्ही आलात ते. परत या." मी बसलो, खिडकीतून हात केला. परत मात्र मी गेलो नाही. दोनदा तिने बोलावलं, दोन्ही वेळा मी कामाचं कारण दिलं.